खाटेवरून दिसलेलं रुग्णालय : बेळगाव भागातल्या रुग्णालयांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी भागातल्या सरकारी व खासगी रुग्णालयांचे व्यवस्थापक, वैद्यकीय अधीक्षक आणि आमचे डॉक्टर सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहिणारे आम्ही सगळे याच भागात दवाखाना चालवणारे किंवा वॉर्डात राउंड घेणारे डॉक्टर आहोत. बायपास, पित्ताशय, डेंग्यू, केमो अशा या ना त्या कारणाने आमच्यापैकी प्रत्येकाने रुग्ण म्हणूनही दिवस काढले आहेत. त्या हकिकती इथे सांगत बसणार नाही. खाटेवर पडल्यावर काही चुका दिसल्या, त्यांच्याबद्दल लिहायचं आहे. त्या बारीक आहेत, बहुतेक बिनखर्चात सुधारतील, आणि उभ्या उभ्या राउंड घेणाऱ्याला त्या वर्षानुवर्षं दिसत नाहीत. आम्हालाही दिसल्या नव्हत्या.

आताच लिहायला कारण घडलं ते असं. काही रुग्णालयांत संमतिपत्रं, सूचनापत्रकं आणि डिस्चार्ज कार्डं संगणकावर गेली आणि काउंटरवर मिळायची ती छापील मराठी पानं बंद झाली. चौकशी केली तर उत्तर आलं, ‘सॉफ्टवेअरमध्ये दोनच भाषा आहेत.’ म्हणजे इंग्रजी आणि कन्नड. येळ्ळूरचा, कडोलीचा, जांबोटीचा माणूस आता इंग्रजी कागदावर फुलीच्या खुणेपाशी सही करतो आणि बाहेर येऊन कंपाउंडरला विचारतो, कशावर सही केली म्हणून.

यात कुणी सीमाप्रश्न शोधू नये. कन्नड काढा असं आम्ही म्हणत नाही. कन्नड राहू दे, शेजारी मराठी छापा. अथणी-रायबागची कन्नड माणसं उपचाराला मिरज-कोल्हापूरला जातात, त्यांना तिथे कन्नड कागद मिळायला हवा, हेही आम्ही तिकडच्या सहकाऱ्यांना तितक्याच ठामपणे सांगू. बाकी कायद्याचं म्हणाल तर समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलं आहे की, उपचार काय, धोके काय, पर्याय काय आणि उपचार घेतला नाही तर काय होईल हे रुग्णाला समजलं असेल तरच संमती खरी. कर्नाटकाच्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने रुग्णहक्कांची सनद आली. आणि एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं प्रमाणपत्र ज्यांनी दर्शनी भिंतीवर टांगलं आहे, त्यांनी रुग्णाला कळेल अशा भाषेत माहिती द्यायचं कबूलच केलेलं असतं.

आता एकेक तक्रार.

१. दुखणं ज्या शब्दांत सांगितलं जातं ते शब्दच केसपेपरवर उतरत नाहीत.

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून सविस्तर लिहितो. रुग्ण म्हणतो, ‘डॉक्टर, घाबरं होतंय.’ परजिल्ह्यातून आलेला ज्युनियर डॉक्टर लिहितो, अँग्झायटी, म्हणजे मनाची चिंता. मराठी माणसाच्या तोंडी ‘घाबरं होणं’ म्हणजे भीती वाटणं नव्हे. जीव कासावीस होणं, छातीत धडधडणं, दरदरून घाम फुटणं असं त्यात बरंच काही येतं. पन्नाशीचा मधुमेही माणूस हे म्हणाला तर पहिलं काम ईसीजी, तेही दहा मिनिटांच्या आत. त्याच्या जागी झोपेची गोळी दिली तर काय होऊ शकतं ते तुम्हाला सांगायला नको.

‘चक्कर येते’ हा एकच शब्द लिहून घेतला जातो. पुढे एकच प्रश्न विचारा : गरगरतंय, अंधारी येते, की झोक जातो? गरगरतंय म्हटलं की आधी कानाकडे बघायचं. अंधारी येते म्हटलं की झोपवून आणि उभं करून बीपी बघायचं, शिवाय बीपीच्या गोळ्या किती चालू आहेत ते. चालताना झोक जातो म्हटलं तर मेंदू आणि पायांच्या नसा. तीन वेगळ्या वाटा आहेत आणि त्या सांगणारे तीन शब्द रुग्णाच्या ओठांवर तयार असतात, विचारणाराच नसतो.

तसंच दुखण्याचं. ‘कळ’ येते आणि जाते, मुतखड्याची येते तशी. ‘ठणका’ आणि ‘ठसठस’ म्हणजे आत पू धरला असण्याची शंका. ‘चमक’ वळताना, वाकताना भरते. ‘उन्हाळी लागली’ म्हणजे लघवीला जळजळ, उन्हाशी त्याचा संबंध असेलच असं नाही. ‘अंगात कसर आहे’ म्हणजे बारीक ताप. संध्याकाळी कसर, सोबत दोन आठवड्यांचा खोकला असेल तर थुंकी तपासायला पाठवायची. बाई ‘अंगावर जातंय’ म्हणते तेव्हा रक्तस्राव किंवा पांढरं जाणं सांगत असते. ‘अंगावर काढलं’ म्हणाली तर दुखणं उपचाराविना सोसलं. ‘अंगावर’ तेच, पण क्रियापद बदललं की अर्थ बदलतो.

आणि आपल्या भागाची खासियत म्हणजे ‘गोळी खाऊन सोडलो’. म्हणजे गोळी घेतली, संपला विषय. पुण्याकडून आलेला डॉक्टर यातलं ‘सोडलो’ तेवढं ऐकतो आणि गोळी बंद केली असं लिहितो. बीपीच्या, फिटच्या, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीच्या बाबतीत हा गोंधळ किती महागात जाईल? ‘गोळी घेतो खरं गुण नाही’ यातलं ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हेही त्याला कुणी तरी सांगायला हवं.

आम्ही डॉक्टर. इंग्रजी वैद्यकीय शब्द रोज वापरणारे. तरी वेदनेत असताना तोंडून मराठीच आली, आणि ‘एक ते दहामध्ये किती दुखतंय’ या प्रश्नावर धड आकडा सांगता आला नाही. ‘उठून बसता येतं का, खोकताना दुखतं का, झोप लागली का’ असं विचारलं असतं तर नेमकं सांगता आलं असतं.

२. ‘रात्री बारानंतर काही नाही.’

ऑपरेशन सकाळी आठचं असो की दुपारी तीनचं, निरोप हाच. तीन वाजताच्या माणसाला पंधरा तास पाणी नाही. खेड्यातला माणूस सातलाच जेवलेला असतो, म्हणजे अन्न वीस तास नाही. घसा कोरडा, सकाळचा चहा चुकल्याने डोकं धरलेलं, शिरा दबलेल्या. मग सुई लावताना चार ठिकाणी टोचावं लागतं आणि भूल दिल्यावर बीपी उतरतं. हे सगळं आपणच ओढवून घेतलेलं.

नियम काय आहे तो भूलतज्ज्ञांना पाठ असतो : तळलेलं, मटण, भरपेट जेवण आठ तास, हलकं जेवण आणि दूध सहा तास, अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाला चार तास, साधं पाणी दोन तास. पाणी पोटातून लवकर पुढे सरकतं, भूल दिल्यावर ते फुप्फुसात जाण्याची भीती दोन तासांनंतर फारशी उरत नाही. अपवाद आहेतच. तातडीचं ऑपरेशन, आतडं अडकलेलं, बाळंतपण, मधुमेहाने मंदावलेलं जठर. त्यांचं वेगळं ठरवा. पण हर्नियाच्या तरुण शेतकऱ्याला पंधरा तास कोरडं ठेवण्यामागे शास्त्र नाही, ऑपरेशन थिएटरची (ओटीची) यादी पुढेमागे होते ही सोय आहे.

आपल्याकडची एक गंमत लक्षात ठेवा. ‘फक्त चहा घेतला’ असं रुग्ण सांगतो, आणि आपल्या भागात चहा म्हणजे दुधाचाच. दूध पाण्याच्या हिशेबात धरत नाहीत. तेव्हा कागदावर ‘कोरा चहा चालेल, दुधाचा नाही’ असं स्पष्ट पाहिजे. गोळ्यांचंही तसंच. डापाग्लिफ्लोझिन ही साखरेची गोळी आता बऱ्याच मधुमेह्यांच्या डब्यात असते, ती ठरलेल्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी थांबवायची असते. साखर फारशी वाढलेली दिसत नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं म्हणून. हे आदल्या रात्री सांगून उपयोग नाही, ऑपरेशनची तारीख देतानाच लिहून द्या.

३. सुई आणि इंजेक्शन.

सलाईनची सुई मनगटाच्या किंवा कोपराच्या घडीत लावली की रुग्णाचा हात दोन दिवस गेला. जेवता येत नाही, धोतर-साडी सावरता येत नाही, हात वाकला की सलाईनचा पंप बोंबलतो. मग सिस्टर येऊन तीच सुई ‘फ्लश’ करतात आणि सुजलेल्या शिरेत आणखी कळ मारते. कोपराखालच्या सपाट भागात लावा, रुग्ण उजव्या हाताने जेवत असेल तर डाव्या हाताला. नुसत्या अँटिबायोटिकला निळी, बारीक बावीस नंबर पुरते. हिरवी, जाड अठरा रक्त द्यायला किंवा ओटीत जायला लागेल, ती सगळ्यांना कशाला? आणि रोज सकाळी एक प्रश्न : ही सुई आज लागणार आहे का? नसेल तर काढा.

त्याहून मोठी गोष्ट इंजेक्शन किती वेळात द्यायचं ही. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, म्हणजे आपलं पेरिनॉर्म, झटक्यात ढकललं की काहींच्या अंगात अशी अस्वस्थता भरते की खाटेवरून उठून पळावंसं वाटतं, पाय स्थिर राहत नाहीत. नातेवाईक म्हणतात, एकाएकी वेड्यासारखं करतोय. तेच औषध शंभर मिलि सलाईनमधून पंधरा मिनिटांत दिलं तर हा प्रकार बराच कमी होतो. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड भरभर दिलं की जांघेत आणि गुदाशी आगीसारखी जळजळ उठते. अर्ध्या-एक मिनिटात जाते, पण बायका ते कुणाजवळ बोलत नाहीत आणि पुढचं इंजेक्शन आलं की घाबरतात. सावकाश द्या आणि आधी सांगा, इतकंच. पोटॅशियम हाताच्या शिरेतून देताना लिटरमागे चाळीस मिलिइक्विव्हॅलंट (हे त्याचं माप) आणि तासाला दहा ही मर्यादा पुस्तकात आहे. सलाईनच्या नळीवरच्या चाकाला अंदाजाने बोट लावून थेंब सोडले की ती मोडते, आणि ‘हात जळतोय’ म्हणणाऱ्या रुग्णाला ‘थोडं सहन करा’ असं सांगितलं जातं. त्या वेळी सहन करायला सांगू नका, ठिबक मोजा.

४. ‘फुंका’ की ‘ओढा’?

ऑपरेशननंतर श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र देतात. इंग्रजी डब्यातून बाहेर काढून हातात ठेवतात. दहातले बहुतेक जण त्यात फुंकतात, कारण दिसायला ते फुंकायचंच खेळणं वाटतं. फुंकून फुप्फुसाचा तळ उघडत नाही. आधी श्वास बाहेर सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची, सावकाश आत ओढायचं, चेंडू वर दोन-तीन सेकंद राहू द्यायचा. जागेपणी दर तासाला दहा वेळा. खोकताना उशी टाक्यांवर दाबून धरायची. उठताना सरळ पोटावर जोर देऊन उठायचं नाही, आधी कुशीवर, मग हाताने रेटा देऊन. हे मराठीत सांगायला दोन मिनिटं लागतात, आणि न सांगितल्याने छातीत कफ साठून तिसऱ्या दिवशी ताप येऊ शकतो.

बेडपॅनबद्दल एकच वाक्य : आडवं झोपून कुणालाही होत नाही, डोक्याकडची बाजू उचला किंवा खुर्चीचा कमोड द्या.

५. नाव सांगत नाही कुणी.

केट ग्रेंजर या ब्रिटिश डॉक्टर. दुर्मीळ कॅन्सर झाला, रुग्ण म्हणून दाखल झाल्या आणि लक्षात आलं की येणारा-जाणारा कुणी आपलं नावच सांगत नाही. त्यांनी २०१३ मध्ये ‘नमस्कार, माझं नाव अमुक’ एवढंच म्हणण्याची मोहीम सुरू केली आणि ती ब्रिटनभर पसरली. २०१६ मध्ये त्या गेल्या. आपल्याकडे पडद्याआडून हात येतो, पोट दाबून जातो. तो सर्जन होता की इंटर्न, ते डिस्चार्जपर्यंत कळत नाही. राउंडला पायथ्याशी उभं राहून सहा जण इंग्रजीत बोलतात. त्यातला ‘रिस्क’ आणि ‘फेल’ एवढाच शब्द रुग्णाच्या हाती लागतो आणि तो रात्रभर तोच चघळत बसतो. रात्रीचं म्हणाल तर, वॉर्डात रात्री आवाज तीस डेसिबलच्या आत असावा असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच म्हटलं आहे. आपल्या वॉर्डात चार वाजता लखलखीत ट्यूब लावून ताप मोजतात. स्थिर रुग्णाचा ताप सहाला मोजला म्हणून काही बिघडत नाही.

६. डिस्चार्ज.

सकाळी ‘आज घरी’ म्हणतात, कागद हातात पडतात संध्याकाळी सहाला. कणकुंबीकडची वस्तीची बस चुकली की टाके घातलेला माणूस स्टँडवर किंवा भाड्याच्या जीपमध्ये. डॉक्टरची सही अकराच्या आत झाली तर निम्मी अडचण मिटेल.

कार्डावर १-०-१ (सकाळी एक, रात्री एक), बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (तीनदा), एचएस, एसओएस. एचएस म्हणजे झोपताना, हे गावातल्या कुणाला माहीत असणार? एसओएस म्हणजे ‘लागली तरच’, पण ती गोळी रोज तीनदा घेणारे आणि ‘संकटकाळासाठी’ म्हणून जपून ठेवणारे, दोन्ही आम्हाला दवाखान्यात भेटतात. काही औषधांत मात्र ही चूक जिवावर बेतते. संधिवाताची मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदा असते. रोज घेतली तर तोंड सोलतं, रक्तपेशी कोसळतात, माणूस जाऊही शकतो. ‘दर सोमवारी, इतर दिवशी नाही’ असं वाराचं नाव लिहिल्याशिवाय ती देऊच नये. इन्सुलिनचंही तसंच. आपल्याकडची साधी बाटली मिलिमागे चाळीस युनिटची, सिरिंजला लाल टोपण. इन्सुलिनच्या पेनातलं काडतूस शंभरचं. पेन बिघडलं म्हणून त्यातलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने वीसच्या रेघेपर्यंत ओढलं की पन्नास युनिट अंगात जातात. हा हिशेब कार्डावर मराठीत, चित्रासह हवा. पथ्याच्या पानावर ओट्स आणि ब्राऊन ब्रेड छापू नका. नाचणीची आंबील, ज्वारीची भाकरी किती, भात किती, लोणचं-पापड का नको, आणि भेटायला येणाऱ्यांनी कुंदा आणू नये, हे छापा.

७. डॉक्टर रुग्ण झाला की त्याची वेगळी पंचाईत.

आम्हाला रांग नसते, सगळे ओळखीचे असतात, म्हणून जो तो सल्ला देतो आणि संकोचाने हवी ती तपासणीही टाळतो. फ्रान्झ इंगेलफिंगर हे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’चे संपादक, अन्ननलिकेचे मोठे जाणकार. अन्ननलिका जठराला मिळते तिथेच त्यांना कॅन्सर झाला. सगळीकडून उलटसुलट सल्ले आले आणि ते घरच्यांसकट पार गोंधळले. तुम्हाला सल्ले नकोत, एक डॉक्टर हवा, असं शेवटी एका डॉक्टर मित्राने सांगितलं तेव्हा कुठे मार्ग निघाला. १९८० मध्ये हे छापून आलं. आपला रुग्णही बेळगाव, हुबळी, मिरज, गोवा असा फायलींची पिशवी घेऊन फिरतो. चार ठिकाणची चार मतं त्या पिशवीत असतात, पण ‘माझा डॉक्टर’ म्हणून कुणाचं नाव नसतं.

आमच्या मागण्या :

संमतिपत्र, ऑपरेशनपूर्व सूचना, डिस्चार्ज कार्ड आणि पथ्याचं पान कन्नडसोबत मराठीतही द्या. मराठी बोलीतली हवी : ‘भूल’ लिहा, ‘संवेदनाहरण’ नको.

उपाशी राहण्याची वेळ प्रत्येक रुग्णाच्या कागदावर तासांत भरा, आणि यादी पुढे गेली तर भूलतज्ज्ञाला फोन करून पाणी देण्याचा अधिकार वॉर्डातल्या सिस्टरना लेखी द्या.

नव्या ज्युनियर डॉक्टरांना आणि सिस्टरना रुजू होतानाच या भागातले मराठी आणि कन्नड दुखण्याचे शब्द शिकवा. रुग्णाचं पहिलं वाक्य त्याच्याच शब्दांत केसपेपरवर उतरवा, अर्थ नंतर लावा.

डिस्चार्ज कार्डाच्या माथ्यावर एका डॉक्टरचं नाव आणि ओपीडीचा वार लिहा. केसपेपरची नकल मागितली तर ७२ तासांत द्या, हा नियम २००२ पासून आहे.

दर महिन्याला एका वरिष्ठ डॉक्टरने तासभर वॉर्डातल्या रिकाम्या खाटेवर आडवं व्हावं, हाताला पट्टी बांधून, चष्मा काढून. छताची ट्यूब डोळ्यांत येते का, पाण्याचा तांब्या हाताला लागतो का, बेलचं बटण कुठे लोंबतंय, ते बघावं.

चारही कागदांचे मराठी मसुदे आम्ही तयार केले आहेत. कन्नड मजकुरासह प्रत्येक कागद पाठपोट एका पानात बसतो. दुखण्याच्या साठ शब्दांची यादीही सोबत आहे, तिला कन्नड जोड देण्यासाठी कन्नडभाषक सहकारी हवे आहेत. सॉफ्टवेअरमध्ये तिसरी भाषा बसेपर्यंत ही पानं झेरॉक्स करून वापरता येतील. पंधरा दिवसांत कळवावं, छपाईचा पहिला खर्च आम्ही वर्गणी काढून करू.

आपले,
बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातले काही डॉक्टर